ट्राउटच्या मागावर: तीर्थन नदी आणि काश्मीरची तळी, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ट्राउट हा मूळचा आपल्याकडचा मासा नाही. इंग्रजांना थंड डोंगरी नद्यांत त्यांचा ओळखीचा मासा हवा होता, म्हणून स्कॉटलंडहून आणलेली ब्राउन ट्राउटची अंडी १९०० साली काश्मीरमध्ये उबवली गेली आणि १९०९ मध्ये तिथून हा मासा कुलू भागात आला. तेव्हापासून हिमाचलातल्या तीर्थन, सैंज, बरोटची उहल, रोहडूची पब्बर आणि सांगल्याची बस्पा या नद्यांत तो रुळला आहे. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या वरच्या पाण्यांत रेनबो ट्राउट सापडतो. सह्याद्रीत मात्र तो नाही, कारण पाणी २० अंशांच्या वर गेलं की ट्राउटला धाप लागते, आणि आपल्या धरणांचं पाणी वर्षातला बराच काळ त्याहून गरम असतं. म्हणजे मुंबई-पुण्याहून निघणाऱ्याला हिमालय गाठावाच लागतो. एवढं लांब जाऊन तीन दिवसांत एकही मासा न लागता परतणारे पुष्कळ असतात. त्यांची फेक वाईट असते असं नाही. बहुतेकांचा महिना चुकलेला असतो, नाहीतर उभं राहण्याची जागा.

महिना आधी, तिकीट नंतर

हिमाचलात ट्राउटच्या नद्या १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंद असतात. ब्राउन ट्राउट या थंडीत खडीत अंडी घालतो. काश्मीरचा हंगाम ढोबळमानाने एप्रिल ते सप्टेंबर. मात्र हंगाम उघडा असला म्हणजे नदी मासेमारीजोगी असतेच असं नाही. मेच्या मध्यापासून बर्फ जोरात वितळतं, पाणी चढतं आणि राखाडी-हिरवं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने ते चहाच्या रंगाचं होतं. तीर्थनसाठी दोनच खिडक्या भरवशाच्या: मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचं ठरवलंत तर ट्राउट हा सहलीचा एक भाग समजा, मुख्य कार्यक्रम नको. काश्मीरमध्ये मे-जूनला जाणं टळत नसेल तर कोकरनागच्या बाजूच्या, झऱ्यांवर चालणाऱ्या ओढ्यांचं बघा. पहलगामची लिद्दर नदी गढूळ वाहत असताना ते पाणी पुष्कळदा स्वच्छ असतं.

परवाना

परवाना मत्स्य विभाग देतो, दिवसाप्रमाणे आणि एका रॉडला एक. नवरा-बायको आलटून पालटून एकच रॉड वापरणार असतील तरी दोघांचे परवाने लागतील का, हे कार्यालयात आधीच विचारून घ्या. काश्मीरमध्ये नदीचे बीट पाडलेले असतात, म्हणजे ठरावीक लांबीचे पट्टे. परवाना त्या तारखेचा आणि त्या बीटचाच असतो, शेजारच्या पट्ट्यात गेलात तर तो कागद कामाचा नाही. दिवसाला किती मासे ठेवता येतात, किती लांबीच्या खालचे सोडावे लागतात, फक्त फ्लाय (गळावर पिसं-धागे बांधून केलेला खोटा किडा) चालते की स्पिनरही (फिरत्या पात्याचं धातूचं आमिष), हे नियम परवान्यासोबत सांगितले जातात. ते गाइडकडून ऐकू नका, स्वतः वाचा. फी हंगामागणिक बदलते, तेव्हा जुन्या प्रवासवर्णनातला आकडा धरून भांडू नका.

तीर्थनमध्ये एक हद्द लक्षात ठेवायची. गुशैणीच्या वर नदीकाठची वाट ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाकडे जाते. २०१४ पासून हे उद्यान जागतिक वारसास्थळ आहे. उद्यानाच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. बंजार ते गुशैणी आणि त्याच्या थोडं वरपर्यंतचं पाणी नवशिक्याला तीन दिवस पुरून उरतं.

गाइडला फोनवर काय विचारायचं

«मासे मिळतील ना?» हा प्रश्न विचारू नका, उत्तर सगळेच «हो» देतात. त्याऐवजी हे विचारा. एका गाइडमागे माणसं किती? पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी दोनच्या वर नकोत. तिसरा माणूस दिवसभर झाडात अडकलेली दोरी सोडवत बसतो. रॉड तुमचा की माझा? तुमचा असेल तर फ्लाय रॉड की स्पिनिंग? परवाना पैशात धरलाय का? सकाळी किती वाजता पाण्यावर उभे असू? आणि सर्वात महत्त्वाचं: रात्री वर पाऊस पडून नदी गढूळ झाली तर काय करायचं? चांगल्या गाइडकडे याचं तयार उत्तर असतं, कुठला बाजूचा नाला आधी निवळतो ते त्याला माहीत असतं. «बघू ना साहेब» म्हणणारा गाइड टाळा. गाइडचे पैसे फेक शिकवण्यासाठी नसतात. ते असतात पाणी वाचता येणाऱ्या त्याच्या डोळ्यांचे.

दिवस एकच असेल तर स्पिनिंग करा. दोन किंवा जास्त असतील तर फ्लाय शिका. अर्ध्या दिवसात फ्लाय शिकायला जाणं म्हणजे डास मारायला पैसे देण्यासारखं आहे.

सामान

नदीसाठी ९ फुटी, ५ वजनाचा फ्लाय रॉड घ्या (हे ‘वजन’ म्हणजे दोरीचा क्रमांक, किलो नव्हे). त्याच वजनाची तरंगती दोरी, पुढे ९ फुटी निमुळता लीडर (दोरीला जोडायचा पारदर्शक धागा) आणि त्याला साठ-सत्तर सेंटिमीटर ५एक्स टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा शेवटचा बारीक धागा. ५एक्स म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर जाडी. आकडा वाढतो तशी दोरी बारीक होत जाते: ४एक्स ०.१८, ६एक्स ०.१३. नवशिक्याने ६एक्सच्या वाटेला जाऊ नये. मासा लागण्याआधी ती फांदीलाच लागते.

फ्लायचे शंभर प्रकार विकले जातात, पण सहा-सात पुरतात. पाण्याखाली चालणाऱ्यांत फेझंट टेल आणि हेअर्स इअर, १४ आणि १६ नंबर (हा गळाचा नंबर, आकडा मोठा तसा गळ लहान), त्यातल्या निम्म्या मणी लावलेल्या. वर तरंगणाऱ्यांत अ‍ॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, १४ व १६. गढूळ पाण्यासाठी आणि तळ्यासाठी काळी किंवा ऑलिव्ह वूली बगर, ८ किंवा १०. प्रत्येकी किमान चार, कारण पहिल्या दिवशी निम्म्या तळाच्या दगडांना जातात. स्पिनिंगसाठी साडेसहा-सात फुटी हलका रॉड, ६ पौंडी दोरी आणि ३ ते ५ ग्रॅमचे फिरत्या पात्याचे स्पिनर. स्पिनरचा तीन काट्यांचा गळ काढून एकेरी लावा.

सगळ्या गळांची आतली नांगी पकडीने दाबून सपाट करा. मासा सोडवणं सोपं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, गळ स्वतःच्या कानात रुतला तर तोही सहज निघतो. पहिल्या दोन दिवसांत कान किंवा टोपी यांपैकी एकाला तो लागणारच, म्हणून रुंद कडेची टोपी आणि गॉगल हे सामानच समजा. पोलराइज्ड गॉगलने पाण्यावरची चमक मरते आणि तळ दिसतो.

कपड्यांत जीन्स नको. ओली जीन्स जड होते, वाळत नाही आणि आठ-दहा अंशांच्या पाण्यात पाय बधिर करते. वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) नसतील तर निओप्रीनचे मोजे, लवकर वाळणारी पँट आणि जुने ट्रेकिंगचे बूट चालतात. वेडर घातलेत तर कमरेचा पट्टा घट्ट बांधाच. पडलात तर तोच आत पाणी भरू देत नाही. विमानाने जाताना गळ आणि पकड चेक-इनच्या बॅगेत ठेवा, केबिनमध्ये त्या काढून घेतात.

निघण्याआधी, मैदानावर

महिनाभर आधी कुठल्याही क्रीडांगणावर, सकाळी मुलं यायच्या आत, वीस-वीस मिनिटं सराव करा. टोकाला फ्लायऐवजी लोकरीचा लाल तुकडा बांधा. रॉड घड्याळाच्या दहाच्या काट्यापासून दीडच्या काट्यापर्यंत न्यायचा आणि तिथे थांबायचं. मागे गेलेली दोरी सरळ व्हायला क्षणभर लागतो, त्या आधी पुढे ओढली की चाबकासारखा आवाज येतो. तो आवाज आला की समजा, नदीवर फ्लाय तुटून गेली असती. दुसरी नेहमीची चूक मनगटाची. मनगट मागे वाकलं की रॉड तीनपर्यंत जातो आणि दोरी गवतावर लोळते. शर्टाच्या बाहीत रॉडचं बूड खोचून सराव केला की मनगट आपोआप शिस्तीत राहतं.

आठ-दहा मीटर फेक पुरे. तीर्थनवर तुमच्या मागे बहुधा अल्डरची झाडं असतील, तेव्हा मागे दोरी न नेता टाकायची रोल कास्ट शिकून जा, मैदानावरच्या लांब फेकीपेक्षा तीच जास्त उपयोगी पडते. आणि दोन गाठी: फ्लायसाठी क्लिंच, पाच वेढे, आणि टिपेटसाठी दुहेरी सर्जन. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने नायलॉन भाजतं आणि नेमकी मोठ्या माशाच्या वेळी तुटते.

नदीवर

मंडी-कुलू रस्त्यावरच्या औटहून बंजारमार्गे गुशैणी पस्तीसेक किलोमीटर आहे. रात्रीच्या प्रवासाने थेट पाण्यावर जाऊ नका, एक दिवस झोपा.

सकाळी पोहोचलात की रॉड जोडण्याआधी पाण्यात हात घाला, जमल्यास थर्मामीटर. १० ते १६ अंशांत ट्राउट खातो. मार्चमध्ये सकाळी पाणी सहा-सात अंश असेल तर घाई नको, चहा घ्या. अकरा ते तीन हीच तुमची वेळ. ऑक्टोबरच्या उन्हात उलट, सकाळ-संध्याकाळ बरी.

मग काठचा एखादा बुडालेला, मुठीएवढा गोटा उलटा. खाली चपटे, तीन शेपट्यांचे किडे दिसतील, ती मेफ्लायची बाळं. दोन शेपट्या असतील तर स्टोनफ्लाय. खडीच्या कणांची नळी करून आत बसलेली अळी कॅडिसची. त्यांचा आकार आणि रंगाची गडदाई पाहून पेटीतली फ्लाय निवडा. गोटा परत तसाच ठेवा.

आता पाणी वाचायचं. नदीत एक मोठा खडक घ्या. प्रवाह त्याला धडकून दोन्ही बाजूंनी फुटतो आणि मागे शांत पाण्याचा त्रिकोण तयार होतो. नवशिक्या त्या त्रिकोणाच्या मधोमध फ्लाय टाकतो. मासा बहुतेकदा त्रिकोणाच्या कडेला असतो, जिथे वेगवान आणि संथ पाणी एकमेकांना घासत जातं. तिथे फेसाची एक बारीक रेघ वाहताना दिसते. त्याच रेघेतून वाहून येणारे किडेही जातात, आणि संथ बाजूला उभं राहून, कष्ट न करता, समोरून येणारं टिपणं हाच ट्राउटचा धंदा. खडकाच्या समोरही पाण्याची एक उशी असते, तिथेही एक मासा असतो आणि तो सगळ्यांकडून सुटतो. डोहात बघायचं तर त्याचा वरचा तोंडाकडचा भाग, जिथे खळाळ आत कोसळतो, आणि शेवटचा उथळ होत जाणारा भाग. मधला खोल हिरवा भाग फोटोला छान, पण पहिल्या दिवशी सोडून द्या.

ट्राउटचं तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला असतं, म्हणून त्याच्याकडे खालून, पाठीमागून जा. वाकून चाला, पांढरा शर्ट नको, आणि गोटे कडकडवू नका, ती थरथर पाण्यातून आधी पोहोचते. पहिल्या तीन फेकी तुमच्या पायाजवळच्या काठालगत टाका. लोक थेट गुडघाभर पाण्यात शिरतात आणि जिथे उभे राहतात तिथलेच मासे पळवून लावतात.

फ्लाय वरच्या बाजूला टाकायची आणि पाण्याच्या वेगाने, दोरीचा ताण न येता, खाली येऊ द्यायची. सगळी विद्या या एका वाक्यात आहे आणि सगळं बिघडतंही इथेच. मधला वेगवान प्रवाह दोरीचं पोट फुगवून खाली ओढतो, आणि फ्लाय किड्यासारखी वाहण्याऐवजी मोटरबोटीसारखी पळते. मासा तिच्याकडे बघतही नाही. उपाय: दोरी पाण्यावर पडताच रॉडच्या टोकाने ते पोट उचलून वरच्या बाजूला ठेवा. प्रत्येक वहनात एक-दोनदा.

पाण्याखालची फ्लाय असेल तर लीडरवर लहान तरंगी लावा, पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर. पाच-सहा फेकींत फ्लायने एकदाही तळाला टोकलं नाही तर शिशाचा एक बारीक मणी वाढवा. दर फेकीत अडकत असेल तर काढा. मासा लागत नसला की बहुतेक जण फ्लाय बदलत बसतात. आधी खोली बदला, मग जागा, आणि फ्लाय सगळ्यात शेवटी. तरंगी थबकली, किंचित बुडाली किंवा उगाच तिरकी झाली की रॉड उचला. झटका नको, फोन उचलावा तसं. दर दहातले आठ वेळा तो दगडच असेल. तरीही उचला.

स्पिनर असेल तर तिरका वरच्या बाजूला टाका आणि पाण्याच्या वेगापेक्षा जरा जास्त वेगाने गुंडाळा. पातं फिरतंय याची थरथर रॉडमध्ये जाणवली पाहिजे. थरथर थांबली म्हणजे शेवाळ अडकलंय.

नदी ओलांडायची तर गुडघ्याच्या वर नको, हातात काठी हवी, तोंड वरच्या दिशेला, आणि एका वेळी एकच पाय. पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाठीवर झोपा, पाय खालच्या दिशेला, आणि तिरके काठाकडे सरका. तीर्थन आणि सैंज जिथे बियासला मिळतात, त्या लारजीच्या धरणाखालच्या पात्रात तर उतरायचंच नाही. ८ जून २०१४ ला तिथून खाली थलौटजवळ धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. वरच्या पाण्यातही काठावरच्या ज्या दगडावर तुम्ही खूण ठेवली तो बुडू लागला, किंवा पाण्यात पानं-काड्या वाढल्या, की पाऊस वर कुठेतरी पडलाय. रॉड मिटा आणि चढा.

मासा हातात आल्यावर

पाव ते अर्धा किलोचा मासा हा इथला सामान्य मासा. अंगावर लाल ठिपके आणि त्यांभोवती फिकट वर्तुळ असेल तर ब्राउन. बाजूने गुलाबी पट्टा आणि शेपटीवर काळे ठिपके असतील तर रेनबो. हात आधी ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. म्हणजे तुम्ही «सोडून दिलेला» मासा आठवड्याने मरतो. कल्ल्यांत बोट नको. गळ पाण्यातच, चिमट्याने, ज्या वाटेने गेला त्याच वाटेने काढा. फोटोसाठी तुमचा श्वास रोखा. तुम्हाला धाप लागली की त्याला कधीच लागलेली असते. मग त्याचं तोंड प्रवाहाकडे करून संथ पाण्यात धरा, स्वतःहून निघेपर्यंत.

खायचाच असेल तर परवान्याच्या मर्यादेत एखादा ठेवा. खवले इतके बारीक की काढावे लागत नाहीत. मात्र नारळाच्या वाटणात हा मासा हरवतो, सुरमईसारखा त्याचा आवाज मोठा नाही. मीठ, हळद, लिंबू आणि तव्यावर रवा, बस. तसंही तीर्थनच्या बहुतेक होमस्टेमध्ये शेततळ्यातला ट्राउट ताटात मिळतो, नदीतला मारायची गरज फारशी पडत नाही.

तळ्यावर

काश्मीर ग्रेट लेक्सच्या ट्रेकला मराठी गट नेहमीच असतात. त्या वाटेवरच्या विशनसर, किशनसर आणि गंगाबल तळ्यांत ट्राउट आहे. जुलै ते सप्टेंबरचा मध्य हाच काळ. परवाना निघण्याआधी श्रीनगरलाच काढा, वर कार्यालय नाही. उंची साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तेव्हा पहिल्या संध्याकाळी रॉड न काढता पाणी पिऊन झोपणं शहाणपणाचं.

नदीत मासा थांबतो आणि अन्न त्याच्याकडे येतं. तळ्यात प्रवाह नसल्याने मासाच फिरत असतो. म्हणून आधी पंधरा मिनिटं उंच दगडावर, सूर्य पाठीशी घेऊन बसा. तोच मासा काठाने ठरावीक फेरी मारत पुन्हा येताना दिसेल. तो दूर असतानाच त्याच्या वाटेवर फ्लाय टाका आणि बुडू द्या. डोक्यावर टाकलीत तर गेला. लीडर इथे १२ फुटी हवा. मासा दिसत नसेल तर ओढा तळ्यात शिरतो ती जागा, तळ्यातून निघतो ती जागा, आणि उथळ फिकं पाणी अचानक गडद होतं ती कड, एवढंच धुंडाळा. वूली बगर टाकून पाच मोजा आणि बोटभर-बोटभर ओढा. पुढच्या फेकीला दहा मोजा, मग पंधरा. मासा ज्या आकड्याला लागला, दिवसभर तोच आकडा. दुपारी वारा सुटून पाण्यावर सुरकुत्या आल्या की वैतागू नका. आरशासारख्या पाण्यापेक्षा ते बरं, आणि वारा ज्या काठाकडे वाहतो तिकडे किडे ढकलले जातात.

ऑक्टोबरमध्ये नदीत उतरलात तर उथळ पाण्यात आजूबाजूपेक्षा फिकी, घासून स्वच्छ केल्यासारखी ताटाएवढी खडी दिसेल तिथे पाय देऊ नका. त्याखाली अंडी असतात. आणि एका नदीत भिजलेले बूट व मोजे दुसऱ्या नदीत नेण्याआधी चिखल घासून धुवा आणि कडक वाळवा, शिवणींसकट. शेवाळ आणि माशांचे रोग एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात बहुधा अशा ओल्या बुटांवरूनच जातात.